रुंद वर्तुळांची फळी

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. "तुम्ही आयुष्यभर झाडांमध्ये काम केलंत, दिवाळी अंकासाठी त्याबद्दल लिहा," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, झाडांमध्ये मी कधीच काम केलं नाही, माझं काम झाड मेल्यानंतर सुरू व्हायचं. त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण मी सरळच सांगत होतो. माझी सगळी नोकरी लाकडात गेली. त्यातली शेवटची काही वर्षं नावड्याच्या एका सॉ मिलमध्ये. तिथे ज्या झाडाचं लाकूड मी सगळ्यांत जास्त हाताळलं, ते पाईनचं झाड मी उभं असलेलं आजतागायत पाहिलेलं नाही. मुलगा म्हणतो, बाबा, सिमल्याला जाऊ या, तिकडे डोंगरच्या डोंगर आहेत. मी म्हणतो, बघू. खरं सांगायचं तर आता जायची इच्छाही उरलेली नाही.

तरी लिहितो, कारण एक गोष्ट बरीच वर्षं मनात आहे आणि ती घरात कुणाला धड सांगितलेली नाही.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो. मिलमध्ये ओंडका आला की तो कशासाठी कापायचा हे ठरवणारा एक माणूस लागतो. कागदोपत्री त्याला ग्रेडर म्हणतात, मिलमध्ये नुसतं 'मार्किंगवाला' म्हणतात. ओंडक्याचं टोक ओल्या फडक्यानं पुसायचं. मग आतली वर्तुळं स्पष्ट दिसतात, झाडाच्या वाढीचं वर्षाला एक. ती बघायची, गाठी बघायच्या, चीर कुठवर गेलीय ते बघायचं आणि निळ्या खडूनं खूण करायची. एक रेघ म्हणजे फळांच्या खोक्यांच्या पट्ट्या, फुली म्हणजे कारखान्यात माल ठेवायची पॅलेट, गोल म्हणजे वजन पेलणाऱ्या फळ्या. खूण झाली की ओंडका करवतीकडे जायचा, आणि पुन्हा कुणी त्याच्याकडे वळून बघायचं नाही. सगळा भरवसा त्या एका खडूवर असायचा.

मी हे शिकलो मुंबईत, सागवानाच्या वखारीत. आमचे वस्ताद हाडाचे सुतार होते, बोलायचे कमी आणि टपली मारायचे जास्त. त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं की सागाची वर्तुळं रुंद असतील तर लाकूड भक्कम समज. त्यात अंधश्रद्धा काही नाही. सागात दरवर्षी सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ तयार होते, ती साधारण तेवढीच राहते. झाड जोमानं वाढलं तर त्या ओळीनंतरचा घट्ट भाग वाढतो. म्हणजे वाढ जास्त तितकं लाकूड भरीव. मी तीसेक वर्षं हा नियम वापरला आणि तो एकदाही खोटा ठरला नाही. माणसाला याहून वाईट सवय दुसरी कुठली लागत असेल असं मला वाटत नाही.

नव्वदच्या दशकात सागवान मिळेनासं झालं, मिळालं तर परवडेनासं झालं, आणि समुद्रापलीकडून पाईनचे ओंडके यायला लागले. बंदर आमच्या बाजूलाच, त्यामुळे तळोजा-नावड्याच्या पट्ट्यात मिल निघाल्या. आमच्या वखारीच्या शेठनीही तिथे एक टाकली आणि मला घेऊन गेले. मी कोपरखैरण्याला भाड्याने राहायला आलो. पांढरट, हलकं, चिकट डिंक सुटणारं ते लाकूड बघून पहिल्या दिवशी माझा चेहरा पडला. करवतीवर नावड्यातलाच जनू पाटील होता, तोंडाचा फटकळ. पहिला ओंडका कापून तो म्हणाला, "सदूदादा, यो लाकूर त लोन्यावानी कापतं! करवतीला कामच नाय." आम्ही दोघंही हसलो. लोण्यासारखं कापतंय याचा अर्थ काय, हा प्रश्न मी तेव्हाच स्वतःला विचारायला हवा होता.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. वाशीच्या एका सोसायटीतल्या बाई देव्हाऱ्यासाठी लाकूड घ्यायला आल्या होत्या. त्यांना एकही गाठ नको होती. "गाठ अशुभ असते," म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, मावशी, गाठ म्हणजे तिथे एके काळी फांदी होती, फांदीला पानं होती, आणि त्या पानांनीच हे खोड पोसलंय. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "ते बरोबर आहे हो, पण दिसायला नको." मी ढिगातून दोन तास शोधून बिनगाठीची लाकडं काढून दिली. जाताना त्यांनी हातावर साखरफुटाणे ठेवले. मला त्या बाईंचं बोलणं पटलं होतं. बहुतेक गिऱ्हाइकांना झाड नकोच असतं, फर्निचर हवं असतं.

गाठीचं आणि पानांचं हे ज्ञान माझं स्वतःचं नव्हे. ते नेगीसाहेबांचं. नेगीसाहेब गढवालकडचे, जंगलखात्यातून निवृत्त झालेले. मुलाचं तळोज्याला छोटं वर्कशॉप होतं आणि ते मुलाकडे वाशीला फ्लॅटमध्ये राहायला आले होते. फ्लॅटमध्ये जीव रमेना म्हणून मुलाच्या गाडीतून रोज सकाळी तळोज्याला यायचे आणि इकडेतिकडे फिरायचे. एक दिवस आमच्या फाटकात येऊन उभे राहिले आणि डोळे मिटून श्वास घेत म्हणाले, "बिरोज़ा!" बिरोजा म्हणजे पाईनचा चीक. त्या वासावर माणूस रस्त्यावरून आत आला होता. मी त्यांना बसायला एक ओंडका दिला. त्यानंतर वर्षभर तो ओंडका त्यांचाच झाला, शेठनीही तो कापायला काढला नाही.

ते बसायचे, मी खुणा करायचो आणि ते बोलायचे. त्यांचं एकच म्हणणं असायचं. झाडाची उंची बघू नका, जाडी बघू नका, त्याच्या अंगावर हिरवं किती आहे ते बघा. पाईनची पानं म्हणजे सुया. एक सुई हातात घेतली तर काहीच नाही, पण एका मोठ्या झाडाच्या सगळ्या सुया जमिनीवर पसरल्या तर तुमच्या मिलचं अंगण झाकून जाईल, असं ते म्हणायचे. तो पसारा जेवढा, तेवढं ऊन झाडाच्या वाट्याला येतं, आणि तेवढं अन्न तयार होतं. पाणीही तेवढंच लागतं. ते पाणी खोडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागातून वर चढतं. म्हणून ज्याच्यावर सुया जास्त, त्याचा पांढरा भाग रुंद.

आणि जंगल दाट झालं की काय होतं तेही त्यांनी सांगितलं. झाडं एकमेकांच्या उन्हात येतात. खालच्या फांद्यांना उजेड मिळत नाही, त्या वाळतात, गळतात. हिरवं फक्त डोक्यावर राहतं. झाड मग वर, उजेडाकडे धावतं आणि बुंध्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. तिथली वर्तुळं बारीक होतात. कधी शेजारची दोन झाडं तोडली, ऊन मोकळं झालं, की राहिलेल्या झाडावर पुन्हा सुया दाटतात आणि दोनतीन वर्षांत वर्तुळं परत रुंद. नेगीसाहेब ओंडक्याच्या टोकावर बोट ठेवून सांगायचे, इथे याचे शेजारी तोडले, इथे याच्या फांद्या छाटल्या, इथे पाऊस कमी झाला. ओंडके ज्या देशातून यायचे तो देश त्या माणसानं कधी पाहिला नव्हता, पण तिथलं जंगल तो नावड्यात बसून वाचायचा. मला हे ऐकायला फार आवडायचं. आपण नुसता खडू फिरवत नाही, काहीतरी वाचतो आहोत, असं वाटायला लागलं होतं. थोडी मिजासही आली होती.

त्याच सुमारास वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून दादू मुकादम आला. मार्केटमध्ये माथाडी टोळ्यांनी काम करतात. एका टोळीत ठरावीक माणसं, वर एक मुकादम, आणि सगळ्यांचं काम एकमेकांवर अवलंबून. दादूची टोळी सगळी साताऱ्याकडची. ट्रक आणि गाळ्याचा ओटा यांच्यामध्ये अंतर राहायचं तिथे ते फळी टाकायचे आणि पाठीवर पोतं घेऊन त्यावरून जायचे. जुन्या फळ्या झिजल्या होत्या. दादू म्हणाला, "आसली फळी द्या, की पोतं घिऊन मानूस गेला तर वाकली पायजे, पर बोलली न्हाय पायजे." त्याला सहा फळ्या हव्या होत्या.

मी अंगणात गेलो आणि एक सुरेख ओंडका निवडला. सरळ, गोल, वर्तुळं अशी रुंद की दोन वर्तुळांत बोट मावावं. मी त्यावर गोल खूण केली. नेगीसाहेब आपल्या ओंडक्यावरून उठून आले, वाकून टोक पाहिलं आणि हळूच म्हणाले, "सदाशिवजी, आप उल्टा पढ़ रहे हैं. यह चीड़ है, सागौन नहीं." चीड़ म्हणजे पाईन. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही जंगल बघा, लाकूड मी बघतो." जनू पाटलासमोर म्हटलं. ते परत आपल्या ओंडक्याकडे गेले. जाऊन बसले.

फळ्या कापल्यावर मी स्वतः दोन टोकांना विटा ठेवून त्यावर उडी मारून पाहिली. दादूलाही मारायला लावली. फळी वाकली, बोलली नाही. दादू खूष होऊन टेम्पोत घालून घेऊन गेला.

दीडेक महिना गेला आणि एका दुपारी मिलमध्ये फोन आला. फळी तुटली होती. हणमंत नावाचा टोळीतला तरणा गडी पोत्यासकट खाली गेला, पोतं पाठीवर आलं. मणक्याला मार. मी शेठना सांगून निघालो आणि वाशीला पोहोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. गाळ्यापाशी बटाटे इकडेतिकडे पडले होते आणि फळीचे दोन तुकडे ओट्याला टेकवून ठेवले होते.

मी ते तुकडे पाहिले आणि मला सगळं कळलं. साग मोडताना आधी करकरतो, मग लांब लांब सळया निघतात, माणसाला बाजूला व्हायला वेळ देतो. ही फळी खारी बिस्किटासारखी आडवी मोडली होती. तुटलेली जागा आखूड आणि स्वच्छ. वजन जास्त झालं म्हणून नव्हे, कुणाचा पाय चुकला म्हणून नव्हे. लाकडातच दम नव्हता.

आणि मग मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी दादूला म्हटलं, "बाकीच्या पाच फळ्या परत द्या, त्यांना कीड लागल्याचा संशय आहे, दुसऱ्या पाठवतो." दुसऱ्या दिवशी बारीक वर्तुळांच्या जड ओंडक्याच्या सहा फळ्या मी पाठवल्या. जुन्या पाचांची खोकी करून टाकली. तुटलेल्या फळीचा एक तुकडा मात्र मी पिशवीत घालून घरी नेला. कीड नव्हती. खरं काय ते मी कुणालाही सांगितलं नाही.

इकडे मार्केटमध्ये वेगळीच गोष्ट पसरली. हणमंत घाईत होता, पळत होता, दोन पोती एकदम घेतली होती. दोन पोती एकदम कुणी घेत नाही, पण बोलायला लोकांना काय लागतं? टोळीचा एक रिवाज होता. कामात कुणाला इजा झाली तर टोळी त्याची जागा राखते, बरा झाल्यावर त्याला हलकं काम देते. पण माणूस आपल्याच बेफिकिरीनं पडला असेल तर नाही, कारण बेफिकीर माणूस दुसऱ्यांच्या अंगावरही पोतं पाडू शकतो. हणमंताच्या जागेचा निकाल असा लोकांच्या बोलण्यावर लागणार होता. आणि हणमंत स्वतः दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणत होता, माझाच पाय घसरला असेल.

मी शेठकडे गेलो. त्यांना म्हटलं, चूक माझी आहे, मार्केटमध्ये जाऊन सांगावं लागेल. शेठ माणूस वाईट नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "अरे सदाभाऊ, लकडी हाय, तुटते. तू कशाला गळ्यात घेते? कल से हर कोई येऊन आपल्या नावाने बोंब मारेल." मला ते ऐकायचंच होतं बहुतेक. मी घरी गेलो. बायकोनं विचारलं, जेवत का नाही, मी म्हटलं, टेन्शन आहे थोडं. असे तीन आठवडे गेले.

शेवटी तो तुकडा घेऊन मी नेगीसाहेबांसमोर उभा राहिलो. मी त्यांना उलट बोललो त्या दिवसानंतरही ते मिलमध्ये येत होते, पण माझ्या खुणांबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी तुकडा उजेडात धरला, टोक पुसलं. मधोमध झाडाच्या गाभ्याचा तपकिरी ठिपका होता. "यह तो पूरा बचपन है," ते म्हणाले. मग त्यांनी समजावलं. मोकळ्या जागेत, खत घालून लावलेलं झाड. लहानपणी त्याच्या अंगावर पायापासून डोक्यापर्यंत सुया. अन्न भरपूर, वाढीची घाई. हिरव्याच्या जवळ जे लाकूड तयार होतं ते वर पाणी वाहून न्यायच्या कामाचं असतं, पातळ भिंतींचं, भुसभुशीत. खालच्या फांद्या वाळून हिरवं वर सरकलं की मगच बुंध्यात घट्ट, जड लाकूड बसायला लागतं. पाईनच्या प्रत्येक वर्तुळात एक फिका मऊ भाग असतो आणि एक गडद कडक रेघ. रुंद वर्तुळात वाढतो तो मऊ भाग, कडक रेघ तेवढीच राहते. म्हणजे सागाच्या नेमकं उलट. मी झाडाच्या कोवळ्या वयातलं लाकूड निवडून त्यावर माणूस चालवला होता.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही सांगितलं होतं." ते म्हणाले, "ज़ोर से नहीं बोला. बोलना चाहिए था." त्यांनी माझं ओझं वाटून घ्यायचा प्रयत्न केला, पण ते वाटून घेण्यासारखं नव्हतं हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून वाशीच्या मार्केटमध्ये गेलो. दुपारची वेळ होती, टोळी पोत्यांच्या आडोशाला भाकरी खात बसली होती. मी दादूला बाजूला घ्यायला बघत होतो, पण तो म्हणाला, "काय आसंल त्ये हितंच बोला." मी बोललो. तुकडा त्यांच्यामध्ये ठेवला, वर्तुळं दाखवली, सुया, ऊन, खत, कोवळं लाकूड, सगळं. माझं मलाच कळत नव्हतं की या दमलेल्या माणसांना मी परदेशातल्या जंगलाची कहाणी का सांगतोय. तर एक पिकल्या मिशांचा हमाल हातातली भाकरी थांबवून म्हणाला, "म्हंजी ह्ये युरिया मारल्याल्या उसागत झालं की! पाला हिरवागार, कांडं ह्ये एवढं, आन् वारं सुटलं की आडवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वर्षभर लागलं ते त्यांना एका घासात समजलं.

दादू मात्र माझ्याकडे बघत राहिला. "मंग कीड लागली हुती म्हनलासा त्ये?"

"खोटं होतं."

मला वाटलं आता कॉलर धरतो. पण त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, ओठ पुसले आणि म्हणाला, "टोळीच्या फळीवर पडला म्हंजी टोळीचा मानूस. पाठ बरी झाली की पोती शिवाय बसवू त्याला, दाभन चालवाय मनका लागत न्हाय. जागा ऱ्हाईल." मग म्हणाला, "पर त्याला तुमीच जाऊन सांगायचं. आमी न्हाय सांगनार."

शेठना हे कळल्यावर त्यांनी मला खुणांच्या कामावरून काढून भुसा आणि पट्ट्यांच्या ढिगावर बसवलं. पुढे वर्षभरानं खडू परत हातात आला. मी ती शिक्षा मनापासून भोगली. कमी होती असंच वाटायचं.

त्या दिवशी मार्केटमधून मी तसाच बोनकोड्याला गेलो. हणमंत तिथे एका चाळवजा इमारतीत तळमजल्याच्या खोलीत राहायचा. दारात त्याचे वडील बसले होते, साताऱ्याहून मुलाच्या दुखण्याला आलेले. आत त्याची बायको शालन मार्केटमधून आणलेला लसूण सोलत होती, खोलीभर वास भरला होता. हणमंत खाटेवर उताणा, पोटाला पट्टा. बत्तीस-तेहतीसचा असेल. मी मिलमधून आलोय म्हटल्यावर म्हाताऱ्यानं मला आत बसवलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच सुरू झाला. "बघा की आता. पळायची खोड! ल्हानपनी बैलाम्होरं पळायचा. म्या म्हनत हुतो, एक दिस पडशील. घाईनं घात केला." हणमंत आढ्याकडे बघत होता. हे त्यानं खूपदा ऐकलं असणार.

मी तुकडा काढला आणि सांगितलं. इथे मी सुया, ऊन काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की लाकूड कोवळं होतं, ते मी निवडलं, माझी चूक झाली, आणि त्या फळीवर कुणीही असता तरी ती मोडलीच असती.

हणमंतानं मान वळवली. "म्हंजी पाय बराबर पडला हुता?"

"बरोबर पडला होता."

"डावा?"

"डावा, उजवा, दोन्ही."

त्याचे डोळे भरून आले. "रोज डोळं मिटलं की म्या त्या फळीवर चढतुया," तो म्हणाला. "सात पावलं हाईत. कंचं पाऊल चुकलं, त्येच घावंना." मग थोड्या वेळानं म्हणाला, "आबांस्नी सांगा."

आबा, म्हणजे त्याचे वडील, तिथेच हातभर अंतरावर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी मी त्यांच्याकडे वळून पुन्हा सांगितलं. तुमच्या मुलानं घाई केली नाही. एकच पोतं होतं. पाय बरोबर होता. फळी कच्ची होती.

त्यांनी विचारलं, "तुमास्नी कवा कळलं ह्ये?"

एक दिवसापूर्वी कळलं, असं सांगता आलं असतं. नेगीसाहेबांचं नाव घेऊन ते बऱ्यापैकी खरंही ठरलं असतं. पण मी त्या दिवसानं, त्या तीन आठवड्यांनी इतका थकलो होतो की खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"पहिल्याच दिवशी," मी म्हटलं.

मला वाटलं आता ते मला घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तर बरं वाटलं असतं. आबा मुलाकडे बघत होते. "म्या बी पयल्या दिसापास्नं त्याला शिव्या घालतुया," ते म्हणाले.

शालन लसूण सोलायची थांबली होती. मी निघावं म्हणून तुकडा पिशवीत घालायला लागलो, तर आबांनी माझ्या मनगटाला धरलं.

"ऱ्हाऊ द्या ह्यो हितंच. गावात घराघरांत जाऊन म्याच सांगून आलोय, पोरानं घाई केली म्हून. आता परत घराघरांत जाऊन ह्ये दावाय लागंल."

त्यांनी तो तुकडा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि आपल्या कपड्यांच्या बोचक्यात, अगदी आत, नीट बांधून ठेवला.